आठ प्याले आणि एक शामाश: घरच्या हनुकियाच्या प्रकल्प नोंदी

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते, म्हणजे मग फाटे फुटत नाहीत. यंदा हनुक्का, आम्हा ज्यूंचा आठ रात्रींचा दिव्यांचा सण, २५ डिसेंबरच्या संध्याकाळी लागतोय, आठवा दिवा १ जानेवारीला. त्याच्या आत भिंतीवर टांगायची, तेलावर जळणारी हनुकिया, म्हणजे या सणाची दिव्यांची मांडणी, तयार पाहिजे. आठ प्याले एका ओळीत, एका उंचीवर, आणि नववा शामाशचा, म्हणजे सेवकदिव्याचा, जरा वर. सोबत लेकीसाठी लाकडी भिंगरी, आणि आठ रात्री तळणात काय काय करायचं ते.

आतापर्यंत आमच्याकडे पत्र्याची छोटी हनुकिया आणि डब्यातल्या रंगीत मेणबत्त्या असायच्या. त्या चालतात, धर्माने काही अडत नाही. पण सण तेलाचा, आपण पिढ्यानपिढ्या तेली, आणि आपल्याच घरात मेण जळतंय हे मला बरीच वर्षं खटकतंय, म्हणून हा सगळा खटाटोप.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आम्ही बेने इस्रायल, कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. परंपरा अशी सांगते की पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांचे वंशज पुढे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावागावांत तेलाचे घाणे चालवत राहिले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक म्हणायचे शनवार तेली. आडनावंही गावांवरून पडली, पेणकर, किहीमकर, नवगावकर अशी.

रविवार, १७ नोव्हेंबर

पपांशी बसून बोलले. त्यांचं पहिलं वाक्य, "अगं, माझ्या आजीच्या लहानपणी तर हनुक्का एवढा करतच नसत."

आणि ते खरंच आहे. आपल्या जुन्या सणांना कशी अस्सल मराठी नावं आहेत, नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, पुरीमला होळीचा सण. हनुक्काला असं जुनं नाव नाही. जाणकार त्याचं कारण असं देतात की पूर्वज मायदेशातून निघाले तेव्हा हनुक्काची घटनाच घडलेली नव्हती, निघून आलेल्यांना ती कळणार कशी. मग पुढे आपल्या लोकांना धर्म नव्याने शिकवणारा दाविद राहाबी, त्यानंतर कोचीनचे शिक्षक, बगदादी ज्यू, छापील प्रार्थनापुस्तकं असं करत करत तो आपल्याकडे आला.

घटना म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या शतकातली. सीरियातून राज्य करणारा ग्रीक राजा चौथा अँटिओकस, त्याने जेरुसलेमचं मंदिर बाटवलं, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पाळायला, सुंता करायला बंदी घातली. मोदीन गावचा म्हातारा कोहेन, म्हणजे पुरोहित, मत्तित्याहू उठला, त्याच्या मागून त्याची मुलं, आणि त्यातल्या यहुदा मक्काबीने इ.स.पू. १६४ मध्ये मंदिर परत मिळवून शुद्ध केलं. हनुक्का म्हणजे तेच मंदिराचं पुन्हा अर्पण. तेलाची गोष्ट तालमूद या ज्यू धर्मग्रंथात येते: मुख्य कोहेनची मोहोर शाबूत असलेली एकच कुपी सापडली, एका दिवसापुरती, आणि ती आठ दिवस जळली.

उशिरा आलेला सण म्हणून काही जण त्याला दुय्यम मानतात, मला ते पटत नाही. जो सण आपल्याकडे सगळ्यात शेवटी आला त्याच्या मधोमध नेमकं तेल आहे, जे आपण इथे आल्यापासून काढत होतो. मला तर वाटतं हा सण आपली वाट बघत होता. पपा यावर काही बोलले नाहीत पण उठून माळ्यावरून सागाची फळी काढून दिली, गावच्या घराच्या दाराची आहे, घर पाडलं तेव्हा ठेवलेली.

रविवार, २४ नोव्हेंबर

माप. मुंबईतल्या जुन्या ज्यू घरांत भिंतीवर टांगायच्या हनुकिया असायच्या, पितळी कड्या आणि त्यात काचेचे प्याले, त्याच धाटणीवर जायचं ठरवलं. प्याला म्हणून कटिंग चहाचा ग्लास घेतला, जाड बुडाचा, खाली निमुळता, त्यामुळे कडीत आपोआप अडकून बसतो. वरून साधारण सहा सेंटीमीटर, म्हणून कडी आतून साडेपाचची. दोन ज्योतींत अंतर हवं, एकमेकींत मिसळता कामा नयेत, प्रत्येक दिवा वेगळा मोजता आला पाहिजे हा नियमच आहे. सगळं धरून फळी अडीच फुटांची पुरते.

लाकूड आणि ज्योत जवळजवळ येणार म्हणून मागे पितळी पत्रा. तो घासून लखलखीत ठेवला की उजेडही दुप्पट वाटतो.

जागा कुठली यावर घरात बराच खल झाला. दिवा बाहेरच्याला दिसला पाहिजे, चमत्कार जाहीर करणं हाच दिव्याचा उद्देश. खिडकी हा एक पर्याय, पण रस्त्यापासून वीस हातांच्या वर, म्हणजे नऊदहा मीटरच्या वर, नजर जात नाही असं शास्त्र म्हणतं आणि आपण सहाव्या मजल्यावर. मग मूळची जागाच बरी: दाराच्या उजव्या चौकटीवर मझुझा, म्हणजे धर्मवचनाची गुंडाळी ठेवलेली डबी, समोर डाव्या बाजूला हनुकिया, माणूस दोन्हींच्या मधून घरात येतो. उंची जमिनीपासून अडीच फूट, दार उघडं ठेवलं की पॅसेजमधून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार. आमच्या मजल्यावर वर्दळ भरपूर, त्यामुळे उत्तमच.

रविवार, १ डिसेंबर

तेल आणायला अलिबाग. मांडव्याला बोटीने, पुढे रिक्षा. आधी नवगाव, समुद्राजवळचं जुनं कब्रस्तान आणि तिथलं स्मारक, लेकीला पहिल्यांदा दाखवलं. तिने सात आणि सात चौदा असं बोटांवर मोजलं आणि विचारलं, मग आपण त्यातल्या कोणाचे? उत्तर नाही माझ्याकडे, पण प्रश्न फार आवडला. अलिबागच्या इस्रायल आळीतल्या मागेन आबोथ सिनेगॉगलाही, म्हणजे आपल्या प्रार्थनास्थळालाही, जाऊन आलो.

खोबरेल घाण्यावर समोर काढून घेतलं. घाणा आता विजेवर फिरतो, बैल नाही, पण पेंड तशीच निघते आणि वास तोच. घाणेवाले दादा म्हणाले "केसाला की खायला?" मी म्हटलं दिव्याला, ज्यूंचा सण आहे. ते म्हणाले, "म्हणजे आमचेच तेली की तुम्ही!" आणि वर पाव लिटर तसंच ओतलं, पैसे घेईनात.

ऑलिव्ह तेल का नाही, असं एक मैत्रीण विचारत होती. मंदिरात ते होतं, म्हणून ते सगळ्यात पसंतीचं. पण तालमूदमध्येच स्पष्ट म्हटलंय की हनुक्काच्या दिव्याला सगळी तेलं चालतात. माझ्या दृष्टीने विषय तिथेच संपला. महागडी परदेशी बाटली आणण्यापेक्षा ज्या मातीत आपले घाणे होते तिथलं तेल मला जास्त मोलाचं.

रविवार, ८ डिसेंबर

कड्या आल्या. तांबटकाकांनी पितळी पट्टी वाकवून, डाग देऊन, मागे स्क्रूला भोक पाडून दिल्या. त्यांनी विचारलं समई का नाही घेत, पाच वाती असतात, मी म्हटलं रोज एक वाढवायचीय काका, आठपर्यंत. "मग आठवी पेटली की सण संपला? असं कसं, आमच्यात सगळ्या पहिल्याच दिवशी लावतात." हा वाद दोन हजार वर्षं जुना आहे हे त्यांना सांगितलं! शम्माई आणि हिल्लेल हे जुने ज्यू धर्मपंडित, शम्माईच्या शाळेचं म्हणणं पहिल्या रात्री आठ लावा आणि रोज एक कमी करा, हिल्लेलच्या शाळेचं म्हणणं एकापासून वाढवत न्या, कारण पवित्र गोष्टीत चढायचं असतं, उतरायचं नसतं. जगभर हिल्लेलचं चालतं. काका ऐकून घेऊन म्हणाले, वाढवत नेणंच बरं, आणि शामाशची कडी त्यांनी आपणहून जरा नक्षीची केली.

फळीला बेलतेल लावलंय. पत्रा बसवला.

मंगळवार, १० डिसेंबर

तेलाची चाचणी. थंडी पडलीय आणि खोबरेल २४ डिग्रीच्या खाली गेलं की थिजतं हे आपल्याला सगळ्यांनाच बाटलीमुळे माहीत असतं. ग्लासात नळाचं पाणी घेऊन वर तेल ओतलं की पांढरी पापडी धरते, वात तेल ओढत नाही, ज्योत बारीक होऊन मिणमिणते.

उपाय दोन सापडले. एक, पाणी कोमट घ्यायचं. दोन, खोबरेलात चौथा हिस्सा तिळाचं तेल. दोन्ही मिळून मस्त चालतं, ज्योत स्थिर, धूर नाही.

रचना अशी: ग्लास दोन तृतीयांश पाणी, त्यावर तेल, त्यावर बुचाची पातळ चकती, तिला मधे भोक, भोकात कापसाची बारीक वळलेली वात. चकतीवर जिथे ज्योत येते तिथे पत्र्याचा छोटा तुकडा. खाली पाणी असण्याचा मोठा फायदा म्हणजे तेल संपलं की वात पाण्याला टेकते, चर्र होतं आणि दिवा आपला आपण विझतो, काच तडकत नाही. शब्बाथच्या काचेच्या दिव्यात आजी असंच पाणीतेल घालायची.

दहा मिली तेल, बारीक वात, सव्वा तास निघतो. अंधार पडल्यावर किमान अर्धा तास जळायला हवं, म्हणजे रोजचं भागलं. शुक्रवारचं गणित वेगळं, ते तेव्हा.

रविवार, २२ डिसेंबर

भिंगरी. ड्रायडल म्हणजे चार पैलूंचा भोवराच, बोटांनी फिरवायचा. ओळखीतल्या एकांकडून सावंतवाडीहून कातलेली लाकडी भिंगरी मागवली होती, त्यांना सांगून पोट गोल न ठेवता चार बाजू सपाट करून घेतल्या. लाखेचा पिवळा रंग, त्यावर लेकीने काळ्या रंगाने अक्षरं काढली: नून, गिमेल, हे, शिन. इथल्या भिंगरीवर शिन, कारण तो मोठा चमत्कार "तिथे" घडला. इस्रायलमध्ये लोदला राहणाऱ्या आत्याकडच्या भिंगरीवर शिनच्या जागी पे असतो, "इथे" घडला म्हणून. खेळ सोपा, नून आलं तर काही नाही, गिमेलला सगळा डाव आपला, हे ला अर्धा, शिनला एक टाकायचा. आमच्याकडे चिंचोके.

संध्याकाळी घारग्यांची रंगीत तालीम. लाल भोपळा किसून त्याच्याच पाण्यात गुळाबरोबर शिजवला, गार झाल्यावर मावेल तेवढी कणीक, मूठभर तांदळाचं पीठ, वेलची, जायफळ, कणभर मीठ. पाणी अजिबात नाही. गोळा हाताला जरा चिकटतो, केळीच्या पानाला तेल लावून त्यावर थापायचं, तीळ दाबायचे. तेल मध्यम, फार तापलं की गूळ करपतो आणि आत कच्चं राहतं. टाकल्यावर खाली बसतो, मग वर येऊन एका बाजूने टम्म फुगतो, तेव्हा झाऱ्याने हळूच तेल उडवायचं आणि एकदाच उलटायचं, दोनदा नाही. कडा खरपूस, पोट मऊ. इस्रायलमध्ये जाम भरलेले सुफगानियोत, युरोपकडच्यांचे बटाट्याचे लाटके, मोरोक्कोवाल्यांचं स्फेंज, आणि आमचे घारगे. तेलात तळलेलं एवढीच अट आहे, कुणी कुणाची नक्कल करायची गरज नाही.

बुधवार, २५ डिसेंबर: पहिला दिवा

सूर्यास्त सहा वाजून पाचसहा मिनिटांनी. पत्रा चिंचमिठाने घासून ठेवलेला. पहिला प्याला सगळ्यात उजवीकडचा.

पपांनी टोपी घातली, देवनागरीत हिब्रू छापलेलं त्यांचं जुनं पुस्तक काढलं. पहिल्या रात्री तीन बराखा, म्हणजे आशीर्वचनं: दिवा लावण्याची, चमत्कारांची, आणि या दिवसापर्यंत आणल्याबद्दलची शेहेहियानू. उद्यापासून पहिल्या दोनच. बराखा आधी, ज्योत नंतर. बारीक मेणबत्तीने वात पेटवली, क्षणभर काही होईना, वात तेल पिऊन घेत होती, मग निळं टोक वर आलं आणि पिवळं झालं, आणि मागच्या पत्र्यात दुसरी ज्योत उभी राहिली. लेक ओरडली "दोन लागले!"

शामाश आम्ही सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या, रिवाजाने शेवटी लावतो. तो वेगळा यासाठी की हनुक्काच्या दिव्याच्या उजेडाचा उपयोग करायचा नसतो, ना वाचायला ना शिवायला, फक्त बघायचा. आईने पहिला अर्धा तास कामाला हात लावला नाही, बायकांचा हा हक्क पूर्वापार आहे आणि तो आमच्याकडे पाळला जातो, चहा पपांनी केला. मग "हानेरोत हल्लालू" हे दिव्यांचं गीत आणि तेहिलिममधलं, म्हणजे स्तोत्रसंहितेतलं, ३०वं स्तोत्र.

आज नाताळही. शेजारच्या ईस्ट इंडियन काकूंकडून कलकल आणि केक आला, त्या दारातच थांबून दिवा बघत राहिल्या. ताटलीत घारगे दिले. पॅसेजमध्ये त्यांचा तारा आणि आमचा दिवा समोरासमोर.

गुरुवार, २६ डिसेंबर: दुसरा

मांडणी उजवीकडून डावीकडे, पेटवणं मात्र नव्यापासून, म्हणजे डावीकडून उजवीकडे. लेकीला हे एकदाच सांगितलं, आता ती मलाच सांगते.

रात्री साडेआठच्या सुमाराला आत्याचा व्हिडिओ कॉल, त्यांची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, त्यांच्याकडे नुकतेच दिवे लागलेले. फोन हनुकियासमोर धरला. आत्या बराच वेळ बोललीच नाही, मग म्हणाली, "फळी कुठली गं? दाराची ना आपल्या?" तिने ओळखली. मग सूनबाईंना बोलावून हिब्रूत सांगत बसली, मधेमधे मराठी, घाणा आणि सागवान हे शब्द तेवढे मला कळले.

शुक्रवार, २७ डिसेंबर: तिसरा

आज हनुक्काचे दिवे शब्बाथच्या दिव्याआधी लावायचे, कारण शब्बाथ लागला की आग पेटवायची नाही. म्हणजे सूर्यास्ताच्या आधी पेटवून पुढे अंधार पडल्यावरही अर्धा तास जळले पाहिजेत. वीस मिली तेल घातलं, अडीच तास निघाले, भरपूर झालं.

तालमूदमध्ये एक प्रश्न आहे: एकाच दिव्याचे पैसे असतील तर शब्बाथचा लावायचा की हनुक्काचा? उत्तर शब्बाथचा, घरात शांती नांदावी म्हणून. चमत्काराची जाहिरात मोठी, पण अंधारात जेवणारं घर त्याहून मोठं. मला हे फार भावतं.

काळ्या मनुका सकाळीच भिजवून गाळून शरबत केलं, किद्दुश, म्हणजे शब्बाथची पेयावर म्हणायची प्रार्थना, त्यावर. जेवणात नारळाच्या दुधातली पापलेटची आमटी, भात, आणि तळण म्हणून बटाट्याच्या काचऱ्या.

शनिवार, २८ डिसेंबर: चौथा

तारे दिसल्यावर आधी हव्दाला, म्हणजे शब्बाथ संपल्याची प्रार्थना, वासाला लवंगा, मग चार दिवे. लाटके केले, बटाटा किसून घट्ट पिळायचा, कांदा, अंडं, मीठ, मिरी. आम्ही हिरवी मिरची आणि कोथिंबीर घातलीच.

सोमवार, ३० डिसेंबर: सहावा

कालचे पाच नेहमीसारखे. आज थंडी जास्त, तिळाचं तेल तिसऱ्या हिश्श्यापर्यंत वाढवलं, ज्योती पुन्हा सरळ. डावीकडून दुसऱ्या कडीत ग्लास किंचित हलतो, आतून सुती दोरा गुंडाळून घट्ट केला.

मजल्यावरची पोरं रोज सहाला जमायला लागलीत, नवीन दिवा कोणता ते ओळखायचा त्यांचा खेळ, आणि मग चिंचोक्यांवर भिंगरी. शाळेत दिवाळीसारखं काही असतं का ज्यूंचं असं लेकीला विचारतात, ती मक्काबींची पूर्ण लढाई हत्तींसकट सांगते.

मंगळवार, ३१ डिसेंबर: सातवा

सोसायटीत थर्टीफर्स्ट, खाली डीजे. आज तेवेत या ज्यू महिन्याची सुरुवात, म्हणजे रोश होदेशही. दिवे लावून, विझेपर्यंत थांबून मगच खाली गेलो. गुलगुल्यांचं पातेलं पार्टीत नेलं, पहिल्या दहा मिनिटांत संपलं.

बुधवार, १ जानेवारी २०२५: आठवा

सगळे आठ आणि शामाश. ठाण्याच्या शार हशामाइम सिनेगॉगमधले, १८७९ सालचं आहे ते, पपांचे दोन मित्र आले होते. एकांनी बराखा म्हटली, दुसऱ्यांनी कडी हातात धरून तपासली, पितळ कुठलं, डाग कोणी दिला, फळीला वाळवी लागू नये म्हणून काय. पुढच्या वर्षी सिनेगॉगसाठी मोठी करून द्याल का म्हणाले. हो म्हटलं.

गुरुवार, २ जानेवारी

आवराआवर. प्याल्यांत उरलेलं तेल आणि वाती दिव्यासाठी राखलेल्या असतात, ते स्वयंपाकाला वगैरे वापरत नाहीत, म्हणून सगळं एका मातीच्या पणतीत एकत्र करून जाळून टाकलं. बाटलीतलं न ओतलेलं तेल मात्र मोकळं, ते लेकीच्या केसांना.

सिनेगॉगच्या हनुकियासाठी नोंदी: फळी साडेचार फूट, कड्या सात सेंटीमीटर, पत्रा एक गेज जाड. दोन कड्यांमधलं अंतर यापेक्षा बोटभर जास्त, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना हात न भाजता वात पेटवता येईल. प्याले निमुळतेच घ्यायचे. तांबटकाकांशी जुलैत बोलायचं, गणपतीआधी त्यांच्याकडे गर्दी होते. घाणेवाल्या दादांना दोन लिटर आधीच सांगून ठेवलंय.